गोळी घशाखाली उतरत नाही



या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. पहिलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सुनेचं. सासूबाईंच्या छातीत कफ भरला, ताप आला. डॉक्टरांनी सकाळी एक, रात्री एक अशा सात दिवसांच्या चौदा अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. सून रोज न चुकता गोळी आणि पाण्याचा पेला हातात द्यायची. अम्मी गोळी तोंडात टाकायच्या, दोन घोट पाणी प्यायच्या आणि "झालं गं" म्हणून कुशीवर वळायच्या. आठव्या दिवशी गादी उन्हात घालायला उचलली तर खालून नऊ गोळ्या निघाल्या, ओल्या होऊन पुन्हा वाळलेल्या. ताप तर परत आलाच होता.

दुसरं पत्र मुंब्र्याच्या एका वडिलांचं. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा औषधाची बाटली पाहिली की पलंगाखाली शिरतो. तिसरं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका बहिणीचं. त्यांच्या पतीला फालिज होऊन चार महिने झाले आहेत. ते पत्र तिघांत गंभीर आहे. त्याचं उत्तर शेवटी सविस्तर देते, कृपा करून ते कुणी चाळून सोडू नका.

मी डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण शाळेत जंतनाशक दिनाला आम्ही शिक्षकच मुलांना गोळ्या देतो, आठवड्याची लोहाची गोळीही आमच्याच हातून जाते. त्यामुळे गोळी कुणाच्या घशाखाली उतरते आणि कुणाच्या दप्तरात जाते, हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे. सातवीतली चुणचुणीत मुलगी, वर्गात सगळ्यांच्या पुढे, पण गोळी हातात आली की डोळ्यांत पाणी. हे नाटक नसतं. घसा खरोखर आवळतो. म्हातारपणी तर तोंडाला कोरड पडते, कवळी हलते, गिळण्याचे स्नायू सैल होतात. अशा माणसाला "एवढीशी गोळी, त्यात काय!" म्हटलं की ते माणूस पुढच्या वेळी तक्रार करत नाही, गादी उचलतं.

म्हणून कोल्हापूरच्या बहिणीला पहिलं सांगणं हे की अम्मींवर रागावू नका. त्यांनी लबाडी केली नाही, त्यांना सांगायची लाज वाटली. चूक असलीच तर ती दवाखान्यातल्या त्या दोन मिनिटांत आहे, जिथे डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या रूपात घशाखाली जाईल हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असतं. "डॉक्टरसाहेब, यांना गोळी गिळता येत नाही," हे एक वाक्य चिठ्ठी हातात पडण्याआधी बोललं पाहिजे. नंतर मेडिकलच्या काउंटरवर बोललं तर दुकानदार फार तर "अर्धी करून द्या" म्हणेल.

सांगून उपयोग काय, असं वाटेल. उपयोग हा की बहुतेक नेहमीची अँटिबायोटिक औषधं एकाच रूपात येत नाहीत. अमॉक्सिसिलिनचंच पाहा. त्याची कॅप्सूल येते, पाण्यात विरघळणारी गोळी येते आणि पाणी घालून बनवायचं ड्राय सिरपही येतं. विरघळणाऱ्या गोळीच्या पाकिटावर 'डीटी' अशी अक्षरं असतात. चमचाभर पाण्यात टाकली की थोड्याच वेळात ती फुटून पातळ होते. तान्ह्या बाळासाठी आईच्या दुधातही विरघळवता येते. जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी अशा विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनला पसंती देते, आणि त्यामागचं कारण आपल्या गावांना चांगलं लागू पडतं: बाटली सांभाळावी लागत नाही, फ्रीज लागत नाही, मात्रा मोजताना चूक होत नाही. सेफिक्झिमही डीटीत मिळतं. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात लहान मुलांना पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मोफत मिळतात. मोठ्यांच्या क्षयाच्या गोळ्या मात्र मोठ्या असतात आणि वजनाप्रमाणे रोज तीन-चार घ्याव्या लागतात. त्या उतरत नसतील तर एखादी गाळून चालणार नाही. केंद्रावर जाऊन सांगा. सहा महिन्यांचा मामला आहे.

बायकांच्या लघवीच्या जळजळीवर नेहमी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं जातं, तेही पुष्कळदा न फोडता घ्यायच्या कॅप्सूलमध्ये किंवा गोळीत. गिळताच येत नसेल तर डॉक्टर काही रुग्णांना फॉस्फोमायसिनची पुडी देऊ शकतात. ती 3 ग्रॅमची पूड अर्धा पेला थंड पाण्यात ढवळून लगेच प्यायची असते. पण ती कुणाला चालेल, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणखी एक गैरसमज काढून टाका. सिरप फक्त मुलांसाठी असतं, असं काही नाही. 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन लागणाऱ्या सत्तर वर्षांच्या दादीला 5 एमएलमध्ये 250 मिलिग्रॅम असलेलं ड्राय सिरप 10 एमएल दिलं की तेवढीच मात्रा जाते. दादीला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. फक्त दोन गोष्टी डॉक्टरांना आठवणीने सांगा. एक, मधुमेह असेल तर तो, कारण बहुतेक सिरपांत साखर असते. दुसरं, हा हिशेब घरी करू नका. अमॉक्सिसिलिनमध्ये क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड मिसळलेलं असतं तेव्हा हे सरळ गणित बिघडतं. त्या जोडऔषधाची 625 ची गोळी म्हणजे 500 अधिक 125, आणि 375 ची म्हणजे 250 अधिक 125. मोठी गोळी जात नाही म्हणून 375 च्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर जाईल पण क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट होईल आणि पोट सुटेल. त्याच्या सिरपातलं प्रमाण तर आणखी वेगळं असतं. गणिताचे शिक्षक असाल तरी हे डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आता खलबत्त्याकडे येऊ, कारण आपल्या घरांत गोळी गेली नाही की तोच निघतो. काही गोळ्या कुटून देता येतात, काही मुळीच नाही, आणि रंग किंवा आकार पाहून ते ओळखता येत नाही. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं. वर सांगितलेल्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या पाकिटावरही बहुधा एसआर असतं. काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लात न विरघळणारं आवरण असतं. अँटिबायोटिकबरोबर आपल्याकडे हमखास दिली जाणारी 'गॅसची गोळी', म्हणजे पॅन्टोप्राझोल, याच जातीची. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून मधात कालवणाऱ्या घरांत ही बिचारी पोटातल्या आम्लातच वाया जाते.

काही गोळ्या कुटून बिघडत नाहीत पण तोंड बिघडवतात. सेफ्युरोक्झिम कुटलं की इतकं कडू होतं की ती चव तासभर जिभेवरून हलत नाही. मुलाला एकदा ती चव मिळाली की पुढचे सगळे डोस गेले म्हणून समजा. त्याचं सिरप वेगळं येतं आणि त्याची मात्राही गोळीशी जशीच्या तशी जुळत नाही. मेट्रोनिडॅझोलही कडूच. म्हणून त्याच्या सिरपात बेंझोएट नावाचं बेचव रूप वापरतात. पण नियम बदलतो: गोळी जेवणाबरोबर घ्यायची, ते सिरप मात्र जेवणाआधी तासभर. रूप बदललं की नियम बदलू शकतो, म्हणून गोळीऐवजी सिरप मिळालं तर "हे जेवणाआधी की नंतर?" हे नव्याने विचारा. मागच्या वेळचं धरून चालू नका.

कुटायला परवानगी मिळाली तर एकेक गोळी वेगळी कुटा. दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये दाबूनही होते. मग एका चमच्यात मावेल एवढ्याच पदार्थात कालवा. वाटीभर फिरनीत किंवा बाटलीभर दुधात घातली आणि मुलाने अर्धी टाकली, तर किती औषध गेलं हे कुणालाच कळत नाही. कालवलेलं लगेच द्या, झाकून ठेवू नका. चमचा आणि वाटी पाण्याने विसळून ते पाणीही पाजा, तळाशी बरंच उरतं.

कशात कालवायचं हेही औषधावर ठरतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर दिलं तर दुधातला चुना त्याला धरून ठेवतो आणि औषध रक्तात कमी जातं. चुन्याच्या, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताचं पांढरं पातळ औषध यांचंही तसंच. सिप्रो त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर द्यावं लागतं. डॉक्सिसायक्लिनलाही लोह, चुना आणि आम्लपित्ताची औषधं दूरच हवीत. अमॉक्सिसिलिनला दुधाचं वावडं नाही. आणि मध! आपल्या घरांत कडू औषधाला मधाचं बोट हा रिवाजच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, औषधात नाही आणि नुसताही नाही. मधात क्वचित असे जंतुबीज असतात की जे मोठ्या माणसाला काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करून त्याला लुळं पाडतात. बडी बी कितीही म्हणाल्या तरी इथे ऐकू नका.

डॉक्सिसायक्लिनबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती घरोघर येते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, अर्धी मुंबई पाण्यातून चालली आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना डॉक्टर त्याऐवजी बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. ही कॅप्सूल किंवा गोळी घशात अडकली तर नुसती अडकत नाही, अन्ननलिकेला भाजते. छातीच्या मधोमध आग, गिळताना कळ, काहींना तर हृदयाचंच दुखणं वाटतं. म्हणून ती भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आता आपल्या घरातली रमजानची सहरी डोळ्यांसमोर आणा. अजानला दोन मिनिटं उरली आहेत, पोट तुडुंब भरलंय, एका घोटात कॅप्सूल ढकलली, फजर झाली आणि पांघरूण ओढलं. भाजायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. सहरीला घ्यायचीच असेल तर जेवणाच्या मध्ये घ्या, पेलाभर पाणी प्या आणि बसून राहा. आजारपणात रोजा ठेवायचा की नंतर पुरा करायचा हे आलिमांना विचारा, मी त्यात बोलणार नाही. पण डॉक्टरांना "रोजे आहेत" हे आधी सांगा. दिवसातून तीनदा घ्यायचं औषध इफ्तार आणि सहरीत आपल्या मनाने कोंबू नका. कधी कधी दिवसातून एकदा घ्यायचं दुसरं औषध देता येतं.

जिलेटिनच्या कॅप्सूलबद्दलही पत्रं येत असतात. शंका असेल तर औषध बंद करू नका आणि कॅप्सूल उघडून पूडही फाकू नका. तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. कॅप्सूलमध्ये येणाऱ्या अनेक अँटिबायोटिक औषधांची गोळी किंवा सिरपही मिळतं. विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

डॉक्सिसायक्लिनवरून एक गोष्ट आठवली. 2001 मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, त्यात पाच माणसं दगावली. अशा वेळी हजारो माणसांना एकदम औषध वाटायचं तर गोळी गिळता न येणाऱ्यांचं काय? म्हणून तिथल्या सरकारी औषध खात्याने घरच्यांसाठी साध्या भाषेत पत्रक काढलं: डॉक्सिसायक्लिनची 100 मिलिग्रॅमची गोळी पाण्यात भिजवून मऊ करायची, चमच्याने बारीक करायची आणि कडवटपणा झाकणाऱ्या गोड पदार्थात कालवून मोजून द्यायची. कोणती गोळी, किती पाणी, किती चमचे, सगळं लिहिलेलं. मला त्यातली शिस्त आवडली. कुटणं म्हणजे गुन्हा नाही. पण त्या एका औषधासाठी तपासून सांगितलेली ती रीत आहे, शेजारच्या गोळीला ती लावायची नाही.

ड्राय सिरप बनवताना घरोघर होणारी गडबड आता सांगते. आमच्या गावातले मेडिकलवाले चाचा म्हणतात, "बाई, लोक बाटलीच्या गळ्यापर्यंत पाणी भरतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणून परत येतात." बाटलीवर बाणाची किंवा रेघेची खूण असते. आधी बाटली तळहातावर आपटून पूड सुटी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घालायचं. पुष्कळ बाटल्यांबरोबर पाण्याची छोटी कुपी येतेच. झाकण लावून जोरात हलवायचं. मग खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवायचं आणि फेस बसला की खूण पुन्हा पाहायची. गरम पाणी नको, दूध तर नकोच. पेनने बाटलीवर तारीख घाला. प्रत्येक वेळी देण्याआधी हलवा, नाहीतर पहिले दिवस पाणी जातं आणि शेवटचे दिवस गाळ. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं बनवलेलं सिरप फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. फ्रीजमध्ये म्हणजे बर्फाच्या खणात नाही. पण सगळी सिरपं फ्रीजमध्ये जात नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनचं फ्रीजमध्ये ठेवलं तर घट्ट होतं आणि जास्त कडू लागतं. लेबल वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. घरी फ्रीज नसेल, वीज जात असेल, तर तेही चिठ्ठी लिहितानाच सांगायचं, डीटी मिळते का ते पाहता येतं.

मोजायला घरचा चमचा नको. चहाचे चमचे घराघरांत वेगळे, कुठे तीन एमएल मावतं, कुठे सात. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा मेडिकलमध्ये मिळणारी सुई नसलेली सिरिंज वापरा.

मुंब्र्याच्या वडिलांना ही सिरिंजच कामाला येईल. मुलाला मांडीवर ताठ बसवा, डोकं मागे झुकवू नका, नाक तर कधीच दाबू नका. नाक दाबून ओतलेलं औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं-थोडं सोडा, मध्ये गिळू द्या. घशाकडे पिचकारी मारू नका. आधी थंड पाण्याचे दोन घोट दिले की जिभेला चव कमी कळते. नंतर लगेच त्याच्या आवडीचं काही द्या. पाच वर्षांच्या मुलाला कळतं: त्याला निवड द्या, "आधी पाणी की नंतर? अब्बूच्या हातून की अम्मीच्या?" औषध घ्यायचं की नाही, ही निवड मात्र देऊ नका. "ही चॉकलेट आहे" असं कधीही सांगू नका. एक तर ते खोटं, आणि दुसरं म्हणजे उद्या तो कपाटातली अख्खी पट्टी चॉकलेट म्हणून खाईल. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, किती वेळाने झाली आणि औषध किती बाहेर पडलं हे सांगा.

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खी गोळी नकोच, घशात अडकण्याची भीती असते. जंतनाशक दिनाला आम्हालाही हेच बजावलेलं असतं: गोळी चावून खायला लावा, एक-दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, कुस्करून पाण्यात. सहा-सात वर्षांनंतर मात्र गिळणं शिकवता येतं, आणि ते आजारपणात नाही तर धडधाकट असताना शिकवायचं. मी मुलींना साखर लावलेल्या बडीशेपेच्या दाण्यापासून सुरू करायला सांगते. आधी नुसतं पाणी, मग जिभेवर एक दाणा आणि पाणी, तो जमला की जरा मोठी गोड गोळी. ताठ बसून, हसत-खेळत नव्हे. मुलगी आठवडाभरात शिकते, कधी दोन आठवडे लागतात.

मोठ्यांसाठीही दोन युक्त्या आहेत. जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी 2014 मध्ये 151 प्रौढांवर त्या तपासून पाहिल्या होत्या. साधी गोळी पाण्यापेक्षा जड असते. मऊ प्लॅस्टिकची पाण्याची बाटली भरायची, गोळी जिभेवर ठेवायची, ओठ बाटलीच्या तोंडाला घट्ट लावायचे आणि हवा आत न जाऊ देता पाणी ओढून लगेच गिळायचं. बाटली चेपत जाते आणि गोळी पाण्याबरोबर खाली जाते. कॅप्सूल उलट हलकी असते, तोंडात पाण्यावर तरंगते. म्हणून आपण सवयीने मान मागे टाकतो तेव्हा ती दातांकडे येते. कॅप्सूल जिभेवर ठेवून घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची आणि तसंच गिळायचं. कॅप्सूल आपोआप घशाकडे सरकते. बाटलीच्या रीतीने साधारण 60 टक्के गोळ्या आणि झुकण्याच्या रीतीने 88 टक्क्यांहून जास्त कॅप्सूल गिळणं सोपं गेलं. दोन्हींच्या आधी तोंड ओलं करून घ्या. कोल्हापूरच्या अम्मींना कॅप्सूल दिली असेल तर ही रीत एकदा करून पाहा. त्यांना गोळी नुसती अडकते, पाणी पिताना ठसका लागत नाही, असं तुम्ही लिहिलंच आहे. ज्यांना ठसका लागतो त्यांच्यासाठी या युक्त्या नाहीत.

इथून साताऱ्याच्या बहिणीचं पत्र. त्या लिहितात: पतीला डाव्या बाजूचं फालिज, तोंड जरा वाकडं. पाणी पिताना खोकतात. ते पडूनच असतात, म्हणून डोक्याखाली उशी देऊन कुटलेली गोळी पेलाभर पाण्यात ढवळून त्या पाजतात. चार महिन्यांत छातीत कफ होऊन तिसऱ्यांदा ताप आला आणि तिसऱ्यांदा अँटिबायोटिक सुरू झालं आहे. "दवा का लागू पडत नाही?" असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या सेवेत कसूर नाही. पण हे पत्र मिळताच डॉक्टरांना भेटा आणि "पाणी पिताना यांना ठसका लागतो" हे याच शब्दांत सांगा. फालिजनंतर गिळण्याची क्रिया मंदावते. अन्नाची आणि श्वासाची वाट घशात शेजारी-शेजारी असते. झाकण वेळेवर लागलं नाही की घास फुफ्फुसाच्या वाटेने जातो. त्यातही पातळ पाणी सगळ्यात लवकर चुकतं, कारण ते वेगाने वाहतं. औषध कालवलेलं पाणी फुफ्फुसात गेलं तर ज्या न्यूमोनियासाठी औषध चाललंय तोच पुन्हा होऊ शकतो. यांच्या बाबतीत तेच झालंय असं मी इथून म्हणू शकत नाही. ते तपासावं लागेल. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात गिळण्याची तपासणी होते. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ ती करतात आणि किती दाट पदार्थ सुरक्षित आहे हे सांगतात. ठसका दिसला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. काहींना घास चुकला तरी खोकलाच येत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरणं, गालात घास साठून राहणं, जेवताना दम लागणं, पुन्हा पुन्हा ताप येणं, ही सगळी त्याचीच लक्षणं.

तपासणी होईपर्यंत तोंडाने काय आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. द्यायला सांगितलं तर आडवं ठेवून काहीच नाही. खुर्चीत किंवा भिंतीला टेकवून पूर्ण ताठ बसवा, हनुवटी जरा खाली, छोटा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूने. एक घास गिळला, तोंड रिकामं झालं, मगच दुसरा. झोपेच्या गुंगीत असतील तर औषध थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. रोज दात आणि जीभ साफ करा, तोंडातली घाण फुफ्फुसात जाणं हेही न्यूमोनियाचं मोठं कारण आहे.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका. "नळी लागली म्हणजे आता संपलं" असं नातेवाईक म्हणतात, पण पुष्कळांची नळी गिळणं सुधारलं की निघते. नळीतून औषध द्यायचं झालं तर डिस्चार्जच्या आधी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने एकदा देऊन दाखवा. नळी जागेवर आहे हे तपासायचं, आधी सिरिंजने पाणी सोडायचं, प्रत्येक औषध वेगळं, मध्ये थोडं पाणी, शेवटी पुन्हा पाणी. नळीच्या दूध-पेजेत औषध मिसळायचं नाही. आणि तिथेही सिरप असेल तर सिरप, डीटी असेल तर डीटी मागा. कुटलेल्या गोळीचा चुरा नळीत बसला तर नळी बदलण्यासाठी त्यांना पुन्हा तालुक्याला न्यावं लागेल.